मोटार चालू होती, पट्टा उतरला होता

तुमच्या घरात कोणी उभ्याउभ्या पडत असेल आणि त्याला शुद्धीवर आणायला तुम्ही नाकाशी चप्पल धरत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मला वर्षभर चप्पल हुंगवली गेली. माझ्या सासूबाईंची, उजव्या पायाची. डाव्या पायाची चालत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

मी सुजाता. लोणार तालुक्यात सुलतानपूरला आमची पिठाची गिरणी आहे, आमच्याकडे तिला चक्की म्हणतात. माझे मालक देवानंद विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात. आज जानेफळ, उद्या दुसरबीड, मोटारसायकलला औजारांची पिशवी बांधून ते सकाळी निघतात आणि दिवस बुडायला परत येतात. म्हणजे चक्की माझी एकटीची. सुरू मी करते, बंद मी करते, भांडण झालं तर तेही मीच करते. ज्वारीवर गहू दळू देत नाही म्हणून अर्धं गाव मला तोंडाळ म्हणतं. म्हणू द्या. पीठ चांगलं पडतं, तोवर कोणी दुसरीकडे जात नाही.

हे सगळं सांगायचं कारण की माझ्या आजारात जीवाइतकीच ही चक्की पणाला लागली होती. खरं सांगायचं तर चक्की आधी लागली, जीव नंतर.

पहिलं पडणं

चक्कीवर तीनचार बाया बसलेल्या होत्या आणि कोणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणाच्या गोष्टी चालल्या होत्या. मी ज्वारीचं पीठ चिमटीत धरून बघत होते. एकाएकी पोटातून काहीतरी खाली सरकल्यासारखं वाटलं, आणि चक्कीचा आवाज लांब गेला. शेजारच्या गावात कोणी दळतंय इतका लांब. पुढचं मला माहीत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी खाली पिठात पडले होते आणि नाकावर चप्पल होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गुडघ्यावर बसून मोठ्या खुशीत सांगत होत्या, "आली, आली शुद्धीवर. म्या म्हनलं नोतं का, चप्पल लावा म्हून?" माझं डोकं फिरत्या पट्ट्यापासून हातभर अंतरावर होतं. मोटारीवरून दगडाकडे जाणारा तो रबरी पट्टा. ओढणी अडकली असती तर हे लिहायला मी नसते.

पडल्यावर माझे हातपाय झटकले म्हणे. बस, तेवढ्यावर एक बाई बोलली, "मिरगी हाय व माय ही." आणि तो शब्द आमच्या घरात येऊन बसला.

तुम्हाला सांगते, आजारापेक्षा त्याचं नाव जास्त भारी पडतं. आत्याबाईंनी त्याच दिवशी सगळ्यांना ताकीद दिली की हे कोणाला सांगायचं नाही. माझी मुलगी प्रज्ञा बुलढाण्याला वसतिगृहात राहून शिकते. आईला मिरगी आहे कळलं तर उद्या पोरीला स्थळ येणार नाही, ही त्यांची भीती. आता चक्कीत चार बायांसमोर पडलेली बाई लपवायची कशी, हे त्यांनाच ठाऊक. पण प्रज्ञाला फोनवर आम्ही "बीपी कमी झालं" असंच सांगत राहिलो.

मेहकरला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं काय होतं, तर आम्ही तिघांनी एका तोंडाने सांगितलं, मिरगी येते. आजाराचं नाव आम्हीच घरून ठरवून नेलं होतं. त्यांनी मिरगीच्या, म्हणजे फिटच्या गोळ्या दिल्या. नाडी लागत होती, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी काढला तर तोही बरोबर, कारण मी पडायची तेव्हाच काय ते बिघडायचं आणि डॉक्टरपुढे मी चांगली खुर्चीवर बसलेली. त्या गोळ्यांनी मला झोप यायची, जीभ जड व्हायची, आणि पडणं काही थांबलं नाही.

पट्टा खुंटीला

दुसऱ्यांदा मी अंगणात पडले. तिसऱ्यांदा पुन्हा चक्कीत, स्टार्टरचं बटण दाबायला हात पुढे केलेला असताना. त्या संध्याकाळी देवानंद आले, पाना घेतला, चक्कीचा पट्टा काढला आणि घरात आणून खुंटीला टांगला.

"हे काय?" मी विचारलं.

"बंद."

"किती दिवस?"

"चक्की इकून टाकू. गिऱ्हाईक पाहून राह्यलो मी."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला न विचारता त्यांनी घरात खुर्चीही हलवलेली नाही. मला भयंकर राग आला. पाना पिशवीत टाकताना तो दोनदा त्यांच्या हातून निसटला, ते दिसलं, पण रागात दिसलेलं कुठे कळतं.

मग घरात नियम झाला. सुजाताने एकटं राहायचं नाही. न्हाणीची कडी लावायची नाही. चुलीपाशी जायचं नाही, विहिरीकडे जायचं नाही. मालकांनी लांबची कामं सोडली. मी उठले की कोणीतरी उठायचं, मी बसले की कोणीतरी समोर बसायचं. मरणाची भीती मला नंतर वाटली, खूप वाटली. पण पहिली भीती ही होती की आता जन्मभर मला कोणीतरी राखत बसणार. शेळी राखतात तसं. ज्या बाईने पंधरा माणसांच्या रांगेला दटावून सरळ केलं, ती आता न्हाणीत गेली तरी बाहेरून आवाज येतो, "हायेस ना व?"

आत्याबाईंची साक्ष

शेवटी मेहकरच्या डॉक्टरांनीच सांगितलं की गोळ्यांनी गुण येत नाही, मोठ्या ठिकाणी मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. आम्ही औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला गेलो. आत्याबाई हट्टाने सोबत आल्या. रस्त्यात काही झालं तर चप्पल कोण लावणार, असा त्यांचा सवाल. घालायच्या चपला वेगळ्या, आणि ती एक पिशवीत.

मेंदूचे डॉक्टर वयस्क होते, शांत. मेंदूच्या तपासण्या चांगल्या निघाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पडताना यांना जवळून कोणी पाहिलंय?"

आत्याबाई सरसावून बसल्या. "म्या. दरखेपी म्याच. पयले ते पांढरीफक होते, मुडद्यावानी. हातपाय झटकते. मंग म्या चप्पल नाकापाशी नेली का तोंड असं लाल होते, मिरचीवानी. आन डोये उघडते. गुन हाय तिच्यात."

डॉक्टर लिहायचे थांबले. "आजी, पुन्हा सांगा. आधी पांढरी, मग लाल?"

"हाव. चप्पल लावल्यावर लाल."

"आणि चप्पल लावायच्या आधीच लाल झाली, असं कधी झालं का?"

मला वाटलं, आता आत्याबाई चिडतात. पण बाई खोटं बोलत नाही. त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "एक डाव कुत्र्यानं नेली होती चप्पल. सापडेच ना. मी आंगनात हुडकून राह्यली, आन परत येऊन पाह्यते तं ही लाल होऊन उठून बसेल होती." मग मान वर करून, "पन तो एकच डाव."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. म्हणाले, "ही मिरगी नसावी. रक्त पोचायचं थांबलं की माणूस पांढरा पडतो, आणि पुन्हा आलं की एकदम लाल होतो. हातपाय मेंदूला रक्त न मिळाल्यानेही झटकतात. मला यांच्या हृदयाची शंका येते." आणि त्यांनी आम्हाला तिथूनच खालच्या मजल्यावर पाठवलं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. तुमच्या माणसाला असं होत असेल तर त्याला आडवं झोपू द्या, पाय जरा उंच करा, आणि श्वास चालू आहे का ते बघा. नाडी धरता येत असेल तर धरा. रंग कसा होता, आधी काय झालं, नंतर काय झालं, ते डोळ्यांत साठवून ठेवा आणि दवाखान्यात तेवढंच सांगा. आजाराचं नाव तुम्ही सांगू नका. आणि हे सगळं घरी करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आम्ही वर्ष घालवलं.

दवाखान्याचा व्हरांडा

खालच्या मजल्यावर हृदयाच्या डॉक्टर बाई होत्या. तरुण, बोलायला मोकळ्या. त्यांनी पुन्हा पट्टी काढली. त्यात थोडंसं काही दिसलं त्यांना, पण पक्कं नाही. मग छातीला चिकटपट्ट्या लावून कमरेला एक छोटी पेटी बांधली. ती दिवसभर ठोके टिपून ठेवते. मला म्हणाल्या, दवाखान्यातच थांबा, हिंडाफिरा, घाबरू नका.

मी घाबरले नव्हते. वैतागले होते. व्हरांड्यात फेऱ्या मारत होते, बाजूला देवानंद होतेच. दुपारची वेळ, डब्यांचे वास येत होते. मी त्यांना म्हणत होते, "पाहा, आता येणारच नाई. दाखवायले आणलं का दुखणं लपते." आणि पोटातून ते सरकलं. आवाज लांब गेला.

पुढचं मला तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्या पोट धरून हसल्या. मी पडले. आत्याबाई बाहेर चहा प्यायला गेलेल्या. पिशवी त्यांच्याजवळ. आणि माझा नवरा, ज्याला मोटारीच्या प्रत्येक स्क्रूचा आटा कळतो, त्याने हृदयाच्या विभागात, छातीला तारा लावलेल्या बायकोच्या नाकाला स्वतःची पायातली चप्पल काढून लावली. नर्सबाई धावत येऊन म्हणाल्या, "दादा, चप्पल बाजूला घ्या आणि सरका." तर म्हणे ते सरकेनात. "डाव्या पायाची हाय, दुसरी काढतो," म्हणत होते.

मीही हसले ते ऐकून. त्यांना हसू आलं नाही. आजही येत नाही.

जे कळलं ते

पेटीतली पट्टी काढून डॉक्टर बाईंनी पलंगावर माझ्यासमोर धरली. लहान लहान टेकाडं ओळीने चाललेली, नेमाने. आणि मधली उंच टेकाडं मधूनच गायब. लांबलचक सपाट. मग पुन्हा एक उंच, मग अंतर सोडून दुसरं.

"तुमचं काम काय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"मग सोपं आहे. हृदयात वरच्या बाजूला एक छोटी जागा आहे, तिथून वीज निघते. अगदी बारीक. ती आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरते, ते आवळतात आणि रक्त खाली ढकलतात. मध्ये एक ठाणं आहे, तिथे वीज क्षणभर थांबते, खालचे कप्पे भरेपर्यंत. मग तारांसारख्या वाटांनी खाली उतरते, खालचे कप्पे जोरात आवळतात आणि रक्त अंगभर जातं. तुमची वरची मोटार उत्तम चालू आहे. मधेच पट्टा उतरतो. वरचं फिरतं, खाली पोचत नाही."

मी विचार केला. मला पटलं नाही. "बाई, पट्टा उतरला तर दगड फिरत नाही. मग मी उठते कशी?"

त्या खुश झाल्या. "तीच तर गंमत आहे. हृदयाचा दगड वेगळा. त्याच्या मांसातच ठोका द्यायचं ज्ञान आहे, वरपासून खालपर्यंत. वरच्याचा वेग जास्त म्हणून बाकीचे त्याचं ऐकतात. वरून हाक येईनाशी झाली, की खालचे थोडी वाट बघतात आणि मग आपले आपण सुरू होतात. हळू, पण होतात. ती वाट बघण्याची वेळ, तेव्हा तुम्ही पडता. ते सुरू झाले की तुम्ही लाल होता."

"आन ते नाई झाले सुरू तं?" हे देवानंदनी विचारलं. तोवर ते भिंतीला टेकून उभे होते.

डॉक्टर बाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "म्हणूनच यांना आता घरी सोडत नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली. वर्षभर मी दर वेळी जिथपर्यंत जाऊन परत आले होते, ती जागा मला दिसली. आणि भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते सांगायला लाज वाटते पण सांगते. मला माझ्या हृदयाचं कौतुक वाटलं. कोणी हाक मारेना तरी बिचारं आपलं आपण उठत होतं. आणि श्रेय घेऊन जात होती आत्याबाईंची चप्पल.

डबी

पेसमेकर, म्हणजे ठोका देणारी छोटी डबी, छातीत बसवायचं ठरलं. खर्च सरकारी योजनेच्या कार्डावर बसत होता, तो घोर नव्हता. त्याआधी गळ्याजवळून एक तात्पुरती तार आत घातली आणि मला हलू नको म्हणून सांगितलं. ते दिवस कंटाळ्याचे. सकाळी फरशी पुसणारी बाई, मग नाडी, मग चहा, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्या मागे शिकाऊंची रांग. पलंगाशेजारचं यंत्र टिक टिक करत राहायचं. मला आवाज ऐकायची सवय आहे, दगड रिकामा फिरू लागला की मी झोपेतून उठेन. म्हणून त्या यंत्राचा आवाज जरा बदलला की माझे डोळे उघडायचे. नर्सबाई म्हणायच्या, "ताई, आमचं काम आम्हाला करू द्या."

शेजारच्या पलंगावर दुसरबीडची एक म्हातारी होती, तिला ही डबी बसवून झाली होती आणि मीठ बंद होतं. तिने मला विचारलं, "तुह्या जेवनात मीठ हाय का व?" मी म्हटलं, थोडं आहे. तिने माझ्या ताटातली भाजी चाखली, नर्सकडे पाहिलं आणि चुपचाप आणखी चाखली. तिच्याकडे बघून मला धीर आला. जिला मिठाची चोरी सुचते तिचं काही बिघडलेलं नाही.

बसवताना मी जागी होते. डाव्या खांद्याखाली भूल दिली, ओढाताण कळत होती, दुखत नव्हतं. शेवटी डॉक्टर बाई म्हणाल्या, "आता बघा, तुमचे ठोके मी वाढवते." आणि त्यांनी काहीतरी दाबलं, आणि माझं हृदय धावायला लागलं. मी पडून होते, आणि ते धावत होतं. आजवर माझं स्टार्टर दुसऱ्या कोणी दाबलेलं नाही.

"बंद करा," मी म्हटलं.

त्यांनी केलं. मग मला समजावलं. "ही डबी तुमचं हृदय चालवत नाही. ती ऐकत बसते. तुमचा ठोका वेळेवर आला तर गप्प राहते. नाही आला, तरच एक देते." मी म्हटलं, बाई, अशी सासू सगळ्यांना मिळो. दाराशी उभ्या शिकाऊ पोरी हसल्या. आत्याबाई बाहेर होत्या म्हणून वाचले.

प्रज्ञाला मी त्या संध्याकाळी स्वतः फोन केला आणि सगळं खरं सांगितलं, मिरगीपासून डबीपर्यंत. ती रडली, मग भडकली की मला आधी का नाही सांगितलं. तिचं भडकणं ऐकून बरं वाटलं. माझ्यावरच गेली आहे.

घरी

गावात बातमी आधीच पोचली होती. बाया भेटायला आल्या, आणि लांब बसल्या. शेवटी एकीने विचारलंच, "हात लावला तं करंट बसते का व?" मी तिचा हात ओढून डबीवर ठेवला. ती ओरडली, मग हसली, मग बाकीच्यांनीही एकेक करून हात लावून पाहिला. आत्याबाईंना नवीन काम मिळालं. आता त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या की मिरगी नव्हतीच, त्यांना पहिल्यापासून शंका होती, आणि डॉक्टरने त्यांच्याच तोंडून रोग काढला. शेवटचं तर खरंच होतं.

काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, आतली तार हलू नये म्हणून. केस विंचरता येईनात. आत्याबाईंचे हात सांध्यांनी आखडलेले. म्हणून देवानंद माझी वेणी घालायचे. तांब्याची तार गुंडाळावी तशी घट्ट आणि एकसारखी. डोकं ठणकायचं, पण वेणी दोन दिवस सुटायची नाही. त्या वेळी मागे बसून ते बोलायचे थोडंफार. एरवी नाही.

हात बरा झाला, गोळ्या सुटल्या, डोकं साफ झालं. मी एकदाही पडले नाही. आणि तरी पट्टा खुंटीलाच. न्हाणीच्या बाहेर तोच आवाज, "हायेस ना?" लांबची कामं ते अजून घेत नव्हते. चक्की बघायला एक गिऱ्हाईकही येऊन गेलं. मी त्याला विचारलं, काय बघता, आणि तो मालकांशी न बोलताच निघून गेला.

त्या दिवशी आमचं भांडण झालं.

"डॉक्टर म्हणते मी चांगली हाव. तुमी काऊन राखून राह्यले मले?"

"डॉक्टरले मोटार मालूम नाई, मले हाय," ते म्हणाले. "मोटारीच्या भोवती चुंबकाचा जोर असते. तुह्या छातीत बी यंत्र हाय. मोटारीनं ते बिघडलं तं? तू तठी एकटी असशीन."

"तं मंग मरन. पण चक्कीत मरन, कडी नसलेल्या न्हाणीत नाई."

हे बोलायला नको होतं. ते खाली बसले. मग म्हणाले, "दवाखान्यात पडली ना तू, तवा मी तुह्या डोयात पाह्यलं. तठी कोनीच नोतं, सुजाता. तू हसते त्या चपलेवर. मले दुसरं काई येतच नोतं करायले."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. इतकी वर्षं मी बोलते आणि हे ऐकतात, असं आमचं चालतं. त्या दिवशी मी ऐकलं. आणि मला कळलं की पडत होते मी, पण पाहत होते ते. मी शुद्धीवर यायचे, माझ्यापुरतं संपायचं. त्यांचं संपत नव्हतं.

म्हणून पुढच्या तपासणीला मी त्यांना आत घेऊन गेले आणि डॉक्टर बाईंना म्हटलं, मला सांगू नका, यांना सांगा. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मोटार केवढी, कव्हर आहे का, अर्थिंग आहे का, एकेक विचारलं. मग म्हणाल्या, "तुमची भीती चुकीची नाही. उघडी चालू मोटार छातीशी धरायची नाही, वेल्डिंग करायचं नाही. पण झाकलेल्या मोटारीपासून हातभर लांब उभं राहून दळायला काही हरकत नाही. चक्कर आली तर बंद करून लांब व्हायचं आणि मला फोन. प्रत्येकाची डबी वेगळी असते, म्हणून हे यांच्यापुरतं सांगतेय."

"हातभर," देवानंद म्हणाले. "कोनाचा हात? तिचा का माहा?"

"तुमचा," बाई म्हणाल्या.

एकटी

घरी आल्यावर त्यांनी मोटारीभोवती लाकडाचा कठडा केला. स्वतःचा हात लावून मोजला आणि वर वीतभर आणखी वाढवला. स्टार्टर काढून दुसऱ्या भिंतीवर नेलं. अर्थिंगचा खड्डा नव्याने खणला. मग एका सकाळी खुंटीवरचा पट्टा उतरवला, पुसला, आणि चढवला.

मी बटण दाबलं. आवाज आला. पहिल्या पिठाचा वास आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते कोणी पाहिलं नाही असं मी समजते.

पण ते स्टूल टाकून तिथेच बसले. दिवसभर. दुसऱ्या दिवशीही. बाया म्हणायच्या, "भाऊ, तुमीच दळून देता का आता?" ते हसायचे, पण उठायचे नाहीत. जे ठोका चुकताना पाहून आलेत त्यांना वेळ लागतो. माझ्यासारखी बाई गप्प राहिली, यावरून समजा.

मग एका सकाळी जानेफळहून फोन आला. विहिरीवरची मोटार जळाली होती, पिकाला पाणी द्यायचं अडलं होतं. असे फोन अधूनमधून यायचे आणि ते "दुसरा माणूस पाहा" म्हणायचे. या वेळी फोन कानाला धरून ते नुसते उभे राहिले. चक्की चालू होती. मी कठड्याच्या अलीकडे उभी राहून गहू ओतत होते आणि एका बाईला दटावत होते की ओले गहू आणायचे नाहीत, दगडाला चिकटतात.

"येतो," ते फोनमध्ये म्हणाले.

त्यांनी पिशवी घेतली. मोटारसायकलला बांधली. गाडी सुरू केली, बंद केली, आणि परत आत आले. माझा जीव वरखाली झाला की आता स्टुलावर बसतात. त्यांनी कोपऱ्यातला टेस्टर उचलला, तो विसरला होता. माझ्याकडे पाहिलंही नाही. दारातून म्हणाले, "मह्यासाठी जेवनाचं थांबू नको. मले उशीर होईन."

गाडीचा आवाज मेहकरच्या रस्त्याला लागला आणि विरून गेला. ओल्या गव्हाची बाई डबा उचलून रागारागाने निघून गेली. चक्कीत मी एकटी होते. मी पुढच्या डब्याचं झाकण काढलं.